मिडीची एमपी३ केली आणि गाणं ओळखूच येईना: सोप्यापासून अवघडाकडं तपासण्या

लक्षणं आधी. यातलं एखादं तरी तुमचं असेल.

- फाइलच्या नावापुढचं 'मिड' खोडून 'एमपी३' लिहिलं, तर फोन म्हणतो फाइल चालत नाही.
- संगणकावर गाणं वाजतं, पण व्हॉट्सॲपवर पाठवलं की समोरच्याकडं मुकं.
- रूपांतर झालं, पाच मिनिटांची फाइलही तयार झाली, पण आत नुसती शांतता.
- सगळी वाद्यं पियानो झाली. बासरीसुद्धा.
- ढोलकीच्या जागी शिट्ट्या आणि घंटा वाजतायत.
- बाकी सगळं सुरात, पण मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आली की बेसूर.
- संथ अभंग धावत सुटला, किंवा गाणं भलत्याच पट्टीत गेलं.
- शेवटचा स्वर कापला जातो, नाहीतर संपता संपत नाही.
- कोरस आला की आवाज फाटतो.
- फ्लॉपी घातली की संगणक विचारतो, 'फॉरमॅट करायची का?'

एके काळी मी ऑर्केस्ट्रात दुसरा कीबोर्ड वाजवायचो. रात्री कार्यक्रम आणि दिवसा सिक्वेन्सिंग, म्हणजे कीबोर्डवर एकेक वाद्य भरून गाण्याची मिडी बनवणं, असे दिवस होते. आता त्याच काळातल्या फाइली लोक पेनड्राइव्हवर घेऊन येतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "फाइल करप्ट झालीय हो." खरं तर फाइल बहुतेक वेळा धडधाकट असते. ती कुठल्या कीबोर्डवर जन्मली, ते मात्र सगळे विसरलेले असतात. पुढच्या बहुतेक तपासण्या ते शोधून काढण्यासाठीच आहेत.

फाइलमध्ये आवाज नाहीच

मिडी फाइल म्हणजे नोटेशनची वही. कुठल्या क्षणी कुठला स्वर दाबला, किती जोरात, कधी सोडला आणि त्या वेळी कितव्या नंबरचा टोन, म्हणजे वाद्याचा आवाज, निवडला होता, एवढंच तिच्यात असतं. म्हणून पाच मिनिटांचं गाणं पन्नास-साठ केबीत मावतं. तेच सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलीत मिनिटाला साधारण १० एमबी घेतं. वही वाचून वाजवणारा कुणीतरी लागतो, आणि प्रत्येक यंत्रातला वाजवणारा वेगळा.

मिडीची भाषा १९८३ साली ठरली. पण कुठला नंबर म्हणजे कुठलं वाद्य, यावर कंपन्यांचं एकमत झालं ते १९९१च्या 'जनरल मिडी'त. १२८ टोन, त्यांचे क्रमांक ठरलेले, आणि चॅनेलांपैकी, म्हणजे एकेका वाद्याच्या वेगळ्या ओळींपैकी, दहावा तालवाद्यांसाठी राखून ठेवलेला. ४१ म्हणजे व्हायोलिन, १०५ म्हणजे सतार, ११२ म्हणजे सनई. हो, त्या यादीत सनई आहे. तबला आणि ढोलकी नाहीत. आपल्याकडच्या फाइलींची अर्धी दुखणी या एका गोष्टीतून निघतात. त्याच सुमारास रोलँडनं 'जीएस' आणि पुढं १९९४ साली यामाहानं 'एक्सजी' आणून याच यादीला आपापले जादा टोन जोडले. त्यामुळं एकाच फाइलीचे दोन यंत्रांवर दोन अवतार होतात.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

मूळ फाइलीची प्रत करा आणि जे काय करायचं ते प्रतीवर करा. हे सांगायची गरज नसावी, पण एकानं सगळ्या फोल्डरची नावं एका झटक्यात बदलली होती. कुठलं मिडी, कुठलं खरं एमपी३, ते निवडायला मला एक रविवार लागला.

नाव बदलल्यानं रूपांतर होत नाही. वहीवर 'कॅसेट' असं लेबल चिकटवलं म्हणून ती टेपरेकॉर्डरमध्ये वाजेल का? जुनं नाव परत लावा.

आता फाइलीचा आकार बघा. शून्य केबी असेल तर आत काही नाही, दुसरी प्रत शोधा. पाच-सात एमबी असेल तर ती बहुधा मिडीच नाही, कुणीतरी एमपी३ला 'मिड' नाव दिलंय. खात्री करायची तर फाइल नोटपॅडमध्ये उघडा. बाकी सगळा चिखल दिसेल, पण खऱ्या मिडीची पहिली चार रोमन अक्षरं 'एम-टी-एच-डी' अशी असतात. तिथं 'आर-आय-एफ-एफ' दिसलं आणि फाइल लहान असेल, तर ती विंडोजच्या जुन्या वेष्टनात गुंडाळलेली मिडी असू शकते. चांगले प्लेअर ती उघडतात. बघून झालं की नोटपॅड काहीही सेव्ह न करता बंद करा. चुकून सेव्ह केलंत तर फाइल खरोखरच करप्ट होईल.

'कार' शेपटाची फाइल म्हणजे कराओकेची मिडी, आत गाण्याचे शब्द असलेली. तिला 'मिड' नाव दिलं तर चालतं, कारण दोन्हींचा आतला साचा एकच. मात्र एमपी३ केल्यावर पडद्यावर सरकणारे शब्द त्यात येणार नाहीत. ते आधी कॉपी करून वेगळे ठेवा.

यामाहा कीबोर्डची 'स्टाइल' (साथीच्या ठेक्याची) फाइलही 'एम-टी-एच-डी' याच अक्षरांनी सुरू होते आणि कधीकधी तिलाही कुणी 'मिड' नाव देऊन ठेवतं. ती वाजवली की इंट्रो, ठेका, फिल, पुन्हा ठेका असे तुकडे ओळीनं येतात आणि संपतात. तिच्यात गाणं नव्हतंच, त्यामुळं काढणार तरी काय? बटणांच्या फोनच्या काळातल्या 'एमएमएफ' रिंगटोनही मिडीच्या चुलतभावंडांपैकी. त्या यामाहाच्या चिपसाठीच्या फाइली, त्यांना वेगळी अवजारं लागतात.

संगणकावर वाजतं, दुसरीकडं नाही

हा बिघाड नाही. विंडोजमध्ये एक छोटा वाजवणारा कायम बसवलेला असतो. रोलँडकडून घेतलेला त्याचा टोनसंच जेमतेम साडेतीन एमबीचा आहे. त्यामुळं फाइल तिथं लगेच वाजते, आवाज मात्र जुन्या व्हिडिओ गेमसारखा येतो. अँड्रॉइडमध्येही असाच एक बारका वाजवणारा असतो. आयफोनवर 'मिड' फाइल सरळ वाजत नाही. मॅकवर जुना क्विकटाइम ७ वाजवायचा, पण २०१९च्या कॅटालिनापासून तो चालतच नाही. म्हणून "पूर्वी माझ्या मॅकवर वाजायची" ही तक्रार खरी असते आणि तरीही फाइलीत दोष नसतो.

इथं निष्कर्ष एवढाच काढायचा: निदान एका यंत्रावर फाइल नीट वाजली तर ती ठणठणीत आहे. पुढचा प्रश्न ती कशी रेकॉर्ड करायची याचा आहे.

फाइल बनली, पण मुकी

यामागं दोन कारणं वारंवार सापडतात.

पहिलं म्हणजे साउंडफॉन्ट दिलेला नाही. साउंडफॉन्ट म्हणजे वाद्यांच्या खऱ्या आवाजांचे नमुने भरलेली फाइल. व्हीएलसीसारखे प्लेअर मिडी वाजवायला 'फ्लुइडसिंथ' वापरतात, आणि त्याला साउंडफॉन्ट मिळाला नाही तर वेळेचा काटा पुढं सरकतो पण आवाज येत नाही. व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये खाली 'ऑल' निवडा, मग इनपुट-कोडेक्स, ऑडिओ कोडेक्स, फ्लुइडसिंथ या वाटेनं जा आणि तिथं साउंडफॉन्टचा पत्ता द्या. 'जनरलयूजर जीएस' हा फुकट मिळणारा संच सुमारे ३० एमबीचा आहे. 'फ्लुइड आर३' १४० एमबीच्या आसपास जातो. आधी पहिला घ्या. आकार मोठा म्हणजे आवाज चांगला, असं गणित इथं चालत नाही.

दुसरं कारण ऑडॅसिटी वापरणाऱ्यांचं. ऑडॅसिटीत मिडी आणली की स्वरांच्या रेघा दिसतात, २०१७पासूनच्या आवृत्त्यांत ती वाजतेही, आणि मग एक्स्पोर्ट केलं की हाती काहीच लागत नाही. कारण तो 'नोट ट्रॅक' असतो, आवाजाचा ट्रॅक नसतो, आणि एक्स्पोर्टमध्ये फक्त आवाज जातो. इतक्या लोकांनी यात संध्याकाळी घालवल्यात की ही तपासणी दारावर लिहून लावावी.

रूपांतराच्या वाटा, माझ्या पसंतीच्या क्रमानं

एकच फाइल असेल आणि घाई असेल तर जे वाजतंय तेच रेकॉर्ड करा. विंडोजवर ऑडॅसिटीत ऑडिओ होस्ट 'वासापी' करा आणि रेकॉर्डिंगसाठी स्पीकरच्या नावापुढं 'लूपबॅक' लिहिलेलं साधन निवडा. मग दुसऱ्या प्लेअरमध्ये मिडी लावा. माइक मध्ये येत नाही, त्यामुळं पंख्याची घरघर येत नाही. पण संगणकातून निघणारा प्रत्येक आवाज त्यात जातो. तेव्हा मेसेजची टिंगटिंग बंद करा, नाहीतर ती अंतऱ्यात कायमची बसेल.

फाइली जास्त असतील तर लूपबॅकच्या नादी लागू नका, कारण पन्नास गाण्यांसाठी पन्नास गाण्यांचा वेळ बसून राहावं लागतं. फूबार २००० या प्लेअरला मिडीचा जोड बसवून साउंडफॉन्ट दिला की सगळ्या फाइली निवडून एकदम वेव्ह करता येतात, आणि एकेक गाणं काही सेकंदांत होतं. मॅक असेल तर गॅरेजबँडमध्ये मिडी ओढून टाका आणि शेअर मेन्यूतून गाणं डिस्कवर काढा. तिथले टोनही बरे आहेत.

म्यूझस्कोअर बरेच जण सुचवतात, आणि त्यातून एमपी३ निघतेही. पण तो आधी फाइलीचं छापील नोटेशन बनवतो आणि मग ते वाजवतो. माणसानं वाजवलेली लयीतली मागंपुढं सरळ होते आणि ठुमकता ठेका कवायत करायला लागतो. पाश्चात्त्य पद्धतीनं लिहिलेलं संगीत असेल तर जरूर वापरा. हातानं वाजवलेल्या लावणीला लावू नका.

ऑनलाइन रूपांतर करणाऱ्या जागा एकदोन फाइलींना ठीक आहेत. तिथं साउंडफॉन्ट आपल्या हातात नसतो, म्हणून पुढच्या कुठल्याच दुखण्यावर तिथं इलाज नाही.

सगळ्यांत चांगली वाट शेवटी ठेवली, कारण ती थोड्यांनाच जमते. मूळ कीबोर्ड अजून जिवंत असेल तर त्याच्यावरच फाइल वाजवा आणि लाइन आउटमधून वायर काढून रेकॉर्ड करा. हेडफोनचं भोक चालेल, पण मग आवाजाचं बटण बेतानं ठेवा. त्या कीबोर्डच्या टोनला पर्याय नाही. मित्राकडं, भजनी मंडळाकडं, कुणाच्या माळ्यावर तो मॉडेल पडलाय का, याची चौकशी आधी करा. यात खर्च एका वायरीचा आणि चहाचा.

सगळी वाद्यं पियानो का झाली

टोन निवडल्याची नोंद फाइलीत नसली की वाजवणारा पहिल्या नंबरचा टोन घेतो, आणि जनरल मिडीत पहिला म्हणजे पियानो. काही कीबोर्डांवर टोन पॅनेलवरून निवडायचो, तो गाण्यात लिहिला गेलाय की नाही हे कुणी बघत नसे. यावर उपाय सोपा आहे. 'सेकाइजू'सारखा फुकट मिडी एडिटर घ्या, प्रत्येक चॅनेलच्या सुरुवातीला प्रोग्राम चेंज, म्हणजे टोन निवडल्याची नोंद, घाला आणि नंबर द्या. कुठला चॅनेल कुठलं वाद्य होतं ते एकेक चॅनेल एकटा वाजवून कळतं. सगळ्यांत खालचे स्वर सलग वाजवणारा बेस. लांब, एकावर एक धरलेले स्वर स्ट्रिंग्ज. मध्येच येऊन मिरवून जाणारा चॅनेल बासरी किंवा सतार.

नंबर असूनही टोन भलताच येत असेल तर 'बँक' बघा. जीएस आणि एक्सजीमध्ये टोन नंबरच्या आधी बँकेचा, म्हणजे जादा टोनांच्या गटाचा, नंबर जातो, 'कंट्रोलर' नावाच्या नोंदींपैकी ० आणि ३२ मधून. साध्या साउंडफॉन्टमध्ये ती बँक नसली की काही प्लेअर मूळ टोनवर येतात, काही गप्प बसतात. सगळं गाणं वाजतंय आणि एकच वाद्य गायब, ही बहुधा बँकेची भानगड असते. बँक शून्य करून पाहा. मिनिटाचं काम आहे.

ढोलकीच्या शिट्ट्या

इथं जरा थांबतो, कारण माझ्याकडं येणाऱ्यांत सर्वांत जास्त हेच असतात.

जनरल मिडीत तालवाद्यांच्या प्रत्येक स्वराला एक वाद्य बांधलेलं आहे. ३६ बेस ड्रम, ३८ स्नेअर, ५६ काऊबेल, ६० आणि ६१ बोंगो, ७१ आणि ७२ शिट्ट्या, ८१ ट्रँगल. आपल्या वादकांनी मात्र ऑक्टापॅडवर (काठ्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर) किंवा कीबोर्डच्या यूजर किटमध्ये, म्हणजे स्वतः भरायच्या तालसंचात, सोयीनं आवाज भरले. ढोलकीची थाप एका स्वरावर, चाट दुसऱ्यावर, तबल्याचा 'धा' तिसऱ्यावर. फाइलीत फक्त स्वराचा नंबर राहिला आणि किट कीबोर्डच्या पोटात राहिलं. आता जनरल मिडीच्या वाजवणाऱ्यापुढं ७१ आला की तो इमानेइतबारे शिट्टी फुंकतो. त्याचं काही चुकत नाही.

उपाय दोन. कामचलाऊ उपाय असा: एडिटरमध्ये दहाव्या चॅनेलचे स्वर बघा, किती वेगवेगळे नंबर आहेत ते कागदावर लिहा, आणि प्रत्येकाला जवळच्या आवाजावर हलवा, म्हणजे थाप बोंगोवर, खोल घुमारा कोंगावर. ढोलकी होत नाही, पण निदान शिट्ट्या थांबतात. पक्का उपाय म्हणजे स्वतःचा साउंडफॉन्ट. 'पॉलिफोन' हे फुकट सॉफ्टवेअर आहे. ढोलकीचे सुटे बोल रेकॉर्ड करायचे, एकेक बोल मूळच्याच नंबरवर बसवायचा आणि तो संच बँक १२८ मध्ये ठेवायचा, कारण साउंडफॉन्टमध्ये तालवाद्यांची जागा तिथं असते. पहिल्यांदा दोन-तीन दिवस जातात. पण त्याच वादकाच्या सगळ्या फाइलींना तोच नकाशा लागतो, म्हणून एकदा केलेलं काम पुढच्या चाळीस गाण्यांना पुरतं. हलक्या आणि जोरदार थापेचे वेगळे नमुने घेतलेत तर ऐकणाऱ्याला फरक कळतो. एकाच नमुन्यावर भागवलं तर ढोलकी घड्याळासारखी टिकटिकते.

लय आणि पट्टी

फाइलीत टेम्पोची नोंद नसेल तर नियमानं लय १२० धरली जाते. ७२च्या लयीतला पाच मिनिटांचा अभंग मग बरोबर तीन मिनिटांत उरकतो. असा धावरा अभंग आला की समजायचं, कुणीतरी मधला एखादा ट्रॅक सुटा काढून जतन केलाय आणि टेम्पो पहिल्या ट्रॅकबरोबर राहिलाय. एडिटरमध्ये सुरुवातीला टेम्पो घाला. किती घालायचा? गाणं माहीत असलेल्या माणसाला टाळ धरायला सांगा आणि मिनिटाचे ठोके मोजा. याहून भारी यंत्र मला मिळालेलं नाही.

पट्टीचंही तसंच. काही कीबोर्डांवर ट्रान्सपोज पॅनेलवरच राहतो, फाइलीत उतरत नाही. वाजवलं पांढरी एकमधून, ऐकू आलं काळी चारमधून, आणि फाइलीत पांढरी एकच राहिली. एडिटरमधून आठ अर्धस्वर वर किंवा चार खाली न्या, पण दहावा चॅनेल वगळून. तो विसरलात तर तालवाद्यांचे सगळे नंबर सरकतात आणि स्नेअरच्या जागी भलतंच काही वाजतं. पट्टी मिडीतच बदला, एमपी३ झाल्यावर नको. मिडीत ती फुकट आणि बिनधोक बदलते, आवाजात बदलली की गाणं घशाला सूज आल्यासारखं वाटतं.

मींड बेसूर

हे दुखणं आपल्याच संगीताचं. कीबोर्डचं बेंड चाक पूर्ण फिरवलं की स्वर किती वर जाणार, हे ठरवायचं असतं. ठरवलेलं नसेल तर दोन अर्धस्वर. सतारीची, बासरीची मींड वाजवणाऱ्यांनी मात्र ते बारावर, म्हणजे पूर्ण सप्तकावर ठेवलेलं असायचं. फाइलीत चाक किती फिरवलं ते येतं, पण कमाल मर्यादा किती ते बऱ्याचदा येत नाही. मग 'सा'वरून 'प'पर्यंत जाणारी मींड कोमल 'रे'च्या जरा पुढं जाऊन अडकते. ऐकताना वादक बेसूर वाटतो. बिचाऱ्यानं बरोबर वाजवलेलं असतं.

एडिटरमध्ये त्या चॅनेलच्या सुरुवातीला, पहिल्या स्वराच्या आधी, ओळीनं तीन नोंदी घाला: कंट्रोलर १०१ ला ०, कंट्रोलर १०० ला ०, कंट्रोलर ६ ला १२. मग १०१ आणि १०० ला १२७ देऊन दार बंद करा, म्हणजे पुढं कुठली नोंद चुकून त्यात शिरणार नाही. बारानं मींड जास्तच वर गेली तर सात किंवा पाच करून पाहा. मींड जिथं थांबते तो स्वर तानपुऱ्याशी जुळला की आकडा बरोबर.

शेपूट, अडकलेले स्वर, फाटका आवाज

शेवटचा स्वर कापला जात असेल तर रूपांतरात शेवटी तीन-चार सेकंद मोकळे ठेवा. घुमारा विरायला वेळ लागतो. स्वर संपतच नसेल तर स्वर सोडल्याची नोंद हरवलीय. त्या चॅनेलच्या शेवटी कंट्रोलर १२३ घाला, सगळे स्वर सुटतील. पहिल्याच ठोक्याचे स्वर गायब असतील तर सुरुवातीला एक रिकामं आवर्तन टाका. खरा कीबोर्ड रीसेटच्या हुकुमानंतर क्षणभर बहिरा होतो.

आवाज फाटत असेल तर मिडी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरचा गेन, म्हणजे आवाजाची पातळी, कमी करा. तयार वेव्हचा आवाज कमी करून फाटका भाग शिवला जात नाही, तो मूळातच फाटून आलाय. पुन्हा काढा, मग ऑडॅसिटीत नॉर्मलाइझ करून उणे १ डेसिबलवर आणा.

आधी वेव्ह काढा आणि जपून ठेवा, त्यातून एमपी३ करा. १९२ केबीपीएस ठेवलं तर पाच मिनिटांना सातेक एमबी लागतात आणि फोनवर, गाडीत, मंडपातल्या मिक्सरवर, सगळीकडं चालतं. घुंगरू, झांजा जास्त असतील तर ३२० करा. कमी दर्जात सगळ्यांत आधी त्यांचाच चुरा होतो.

इथं थांबा

फ्लॉपीवर आलो. 'फॉरमॅट करायची का' या प्रश्नाला कधीही 'हो' म्हणू नका. आधी फ्लॉपी उलटी करून बघा. जुने कीबोर्ड ७२० केबीची फ्लॉपी वापरायचे. ती मिळेनाशी झाल्यावर लोकांनी १.४४ एमबीची घेऊन कीबोर्डमध्ये ७२०ची केली. संगणकाचा ड्राइव्ह कोपऱ्यातलं जादा भोक बघून तिला १.४४ समजतो, आत काहीच कळत नाही आणि फॉरमॅट मागतो. त्या भोकावर जाड चिकटपट्टी लावा, लिहिण्यापासून वाचवणारी खिट्टी उघडी ठेवा आणि पुन्हा वाचून बघा. बऱ्याच फ्लॉप्या एवढ्यावर बोलत्या होतात. ही खटपट एकदा, फार तर दोनदा.

पुढचं दिसलं की हात काढून घ्या. धातूची झडप सरकवल्यावर तबकडीवर पांढरट डाग किंवा वर्तुळं दिसली तर ती बुरशी आहे. कोकणातून आलेल्या पेट्यांत हमखास असते. ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातलीत तर तीही जाते आणि ड्राइव्हचं डोकंही घाण होऊन पुढच्या चांगल्या फ्लॉपीला ओरखडे पाडतं. आतून खरखर आवाज आला तरी तेच. काही जुन्या कीबोर्डांची साठवणच डॉसच्या, म्हणजे संगणकाला कळणाऱ्या, पद्धतीची नव्हती. त्यांची फ्लॉपी ठणठणीत असूनही विंडोजला कोरी वाटते. या तिन्ही वेळी डेटा रिकव्हरीवाल्याकडं किंवा फ्लॉपीच्या चुंबकीय खुणा जशाच्या तशा उचलणारं ग्रीझविझलसारखं यंत्र असलेल्या माणसाकडं जा. "तबकडीची पूर्ण इमेज काढून देणार का?" असं आधी विचारा. तो नुसत्या फाइली कॉपी करतो म्हणाला तर दुसरा शोधा.

कीबोर्ड उघडायचा असेल तर तिथंही थांबा. ड्राइव्हचा पट्टा बदलणं, सेल गळून खाल्लेला बोर्ड साफ करणं हे कीबोर्ड दुरुस्त करणाऱ्याचं काम आहे. पॉवर सप्लायला तर प्लग काढल्यावरही हात लावू नका.

आणि फाइल उत्तम, पण तिला स्टुडिओसारखं वाजवायचंय, गायिका त्यावर गाणार आहे, असं असेल तर साउंडफॉन्ट बदलत बसण्यात महिना घालवू नका. अरेंजरला मिडी द्या, तो त्याच नोंदींवर चांगले टोन लावेल आणि ढोलकी खरी वाजवून घेईल. गाणं सिनेमातलं असेल आणि प्रसिद्ध करायचं असेल तर हक्कांची चौकशी त्याच्या आधी.

कुणाकडंही गेलात तरी बरोबर नेण्याच्या गोष्टी सारख्याच: मूळ फाइल किंवा फ्लॉपी, कीबोर्डच्या मॉडेलचं नाव, पट्टी, आणि त्या काळातल्या कार्यक्रमाची कॅसेट घरात असेल तर ती. कॅसेट कितीही घासलेली असू दे. तिसऱ्या ओळीनंतर बासरी होती की व्हायोलिन, हे फाइल सांगत नाही तेव्हा तीच सांगते.